यंत्र कोणाचे? चोपडी ज्याच्या हाती त्याचे!

(शीव कोळीवाडा येथे कोळी, शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेला 'नवी यंत्रे आणि आपले धंदे' हा विषय दिलेला आहे. विषय मोठा आहे, पण तो आपल्या चुलीपर्यंत पोचलेला आहे. ज्याचे जाळे, माग, ऐरण किंवा नांगर हेच पोट, त्याच्या घरी नवे यंत्र म्हणजे उद्या चूल पेटणार की विझणार ह्याचा सवाल असतो.

ह्या विषयावर दोन तऱ्हेची प्रवचने आपल्या कानी येतात. एक बुवा सांगतात, यंत्र आले आणि कलियुग आले. वाडवडिलांचे तेच खरे, नव्याला शिवू नका. दुसरे साहेब सांगतात, यंत्राला वाट मोकळी करा, सर्वांचे आपोआप कल्याण होईल, आणि ज्याचे होणार नाही तो आळशी समजावा. पहिले बुवा प्रवचनाला मोटारीतून येतात, आणि दुसऱ्या साहेबांचे भाग त्याच यंत्राच्या कंपनीत गुंतलेले असतात. तेव्हा ह्या दोघांनाही नमस्कार करून आपण आपला हिशेब आपणच मांडू या.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. यंत्र कोणाला तारीत नाही आणि कोणाला मारीतही नाही. यंत्र दारात आले की तीन प्रश्न विचारावे. ते घ्यायला पैसा कोणाचा? ते चालविण्याची आणि मोडले तर नीट करण्याची विद्या कोणाला? आणि त्यातून निघालेल्या मालाचा भाव कोण ठरविणार? भांडवल, विद्या आणि बाजार ही तीन सूत्रे ज्याच्या हाती, यंत्र त्याचे. ही तीन दुसऱ्याच्या हाती गेली, तर यंत्रावर तुमचे नाव सोन्याच्या अक्षरांनी लिहिलेले असले तरी तुम्ही त्याचे मालक नव्हे, त्याचे बैल आहात.

ही दृष्टी आम्हांला महात्मा जोतीराव फुल्यांनी दिली. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी १८८३ साली लिहिला. विलायती यंत्रांवरचा स्वस्त माल आल्यामुळे आपले विणकर आणि इतर कारागीर कसे बसले, हे त्यांनी त्यात दाखविले. परंतु यंत्रे मोडा, जाळा, असे जोतीराव म्हणाले काय? नाही. त्यांनी मागितली पाण्याची तळी आणि बंधारे, शेतकीची प्रदर्शने, चांगले पीक काढणाऱ्यास बक्षिसे, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना विद्या. ते स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी सामान पुरविले होते. म्हणजे नव्या यंत्रविद्येला पाठ न दाखविता तिच्यात शिरून चार पैसे मिळविणारा आणि ते पैसे समाजाच्या कामी लावणारा हा पुरुष होता. मुंबईच्या मोठ्या मंडईला आज त्यांचेच नाव आहे, हे तेथे मासळी विकणाऱ्या आमच्या बहिणींनी मानाने लक्षात ठेवावे.

त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी मुंबईत 'दीनबंधू' पत्र चालविले आणि १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. तेव्हा कामगाराला आठवड्याची सुटीच नव्हती. लोखंड्यांनी गिरण्या बंद करा असे म्हटले नाही; आठवड्यातून एक दिवस भोंगा गप्प ठेवा, एवढेच म्हटले. सहा वर्षे झगडल्यावर १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. आज सारा देश रविवारी उशिरा उठतो, परंतु तो रविवार कोणी मिळवून दिला हे पुष्कळांना ठाऊक नाही. यंत्राच्या मागे न धावता आणि यंत्रापासून न पळता त्याच्यापुढे आपली अट ठेवावयाची, हा धडा त्यात आहे.

आता ह्या आपल्या गावाकडे पाहू. शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट येथे संपत असे आणि पलीकडे खाडीपल्याड साष्टी सुरू होत असे. भोवती खाजणे, मिठागरे आणि भरतीचे पाणी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी शीवचा बांध घातला आणि बेट साष्टीला जोडले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला देशातील पहिली उतारूंची आगगाडी गेली, ती शीववरूनच. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी धावली, ती बोरीबंदर ते कुर्ला ह्या हार्बर मार्गाने, म्हणजे ह्या कोळीवाड्याच्या कुशीतून. म्हणजे पाहा, बांध, आगगाडी, वीज, जे जे नवे ह्या देशात आले ते ते आमच्या उंबऱ्यावरून गेले. परंतु उंबऱ्यावरून जाणे निराळे आणि घरात येणे निराळे! बांधाने आणि भरावाने जमीन वाढली. खाडीचे पाणी मात्र दूर गेले. पुढे १९५५ च्या सुमारास पलीकडे तुर्भे-माहुलला तेलशुद्धीचे मोठे कारखाने उभे राहिले. देशाला तेल मिळाले. खाडीतल्या निवट्यांना आणि चिंबोऱ्यांना काय मिळाले, हे खाडीत पाय बुडविणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींनीच सांगावे.

परंतु कोळी हा हातपाय गाळून बसणारा माणूस नव्हे. नवे नको म्हणणारा तर मुळीच नव्हे. आमच्या दर्यावर्दी भावांना जे लोक 'मागासलेले' म्हणतात त्यांनी एका पिढीत ह्या लोकांनी काय काय बदलले ते पाहावे. पूर्वी शीड आणि वल्हे होते. सुताचे आणि सणाचे जाळे घरोघर विणले जाई आणि ते कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळविले जाई. स्वातंत्र्यानंतर होड्यांना इंजिन बसू लागले. मग नायलॉनचे जाळे आले. बर्फ आला. पुढे ट्रॉलर आले, मग पर्ससीनची मोठमोठी जाळी आली. आज तांडेलाच्या हाताशी दिशा दाखविणारे यंत्र आहे, पाण्याखालचे थवे दाखविणारे यंत्र आहे, आणि हैदराबादची सरकारी सागरी संस्था उपग्रहावरून पाहून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे ते कळविते. आजोबा ढगाकडे आणि पाण्याच्या रंगाकडे पाहून जे ताडीत, ते नातू पडद्यावर पाहतो. असा बदल पचविणाऱ्या लोकांना जुनाट म्हणणाऱ्याने स्वतःची चाळिशी पुसून घ्यावी.

मग प्रश्न असा की इतके बदलूनही घरात कर्ज का? ह्याचे उत्तर त्या तीन सूत्रांत आहे.

वारा फुकट होता. डिझेल फुकट नाही. सण घरी वळला जाई. नायलॉन दुकानातून रोख पैशाने येतो. वल्हे मोडले तर घरचा सुतार नीट करी. इंजिन मोडले तर कारागीर शहरातून बोलवावा लागतो आणि सुटा भाग येईपर्यंत होडी किनाऱ्यावर उभी. म्हणजे यंत्राने मासळी वाढविली, पण त्याआधी रोकडीची गरज वाढविली. रोकड कोठून आली? बँकेने तारण मागितले, सरकारी मदतीला वर्षे लागली, तेव्हा दलाल हसतमुखाने पुढे आला. "घे एक लाख, व्याज नको, फक्त मासळी माझ्याकडे टाक." किती उदार!

आता ह्या उदारपणाचा हिशेब करू. आकडे केवळ समजण्यापुरते घेतो. समजा, बाजारात पापलेटाचा भाव किलोला ४०० रुपये आहे आणि दलाल तुमच्या मासळीला ३५० लावतो. किलोमागे ५० रुपये गेले. महिन्याला १०० किलो मासळी त्याच्याकडे टाकली तर ५,००० रुपये गेले. दहा महिन्यांच्या हंगामात ५०,००० रुपये गेले. एक लाखावर वर्षाला पन्नास हजार! शेकडा पन्नास व्याज झाले, आणि मुद्दल जसेच्या तसे उभे. पठाणाने काठी आपटून इतके व्याज घेतले नसते. परंतु चोपडीत 'व्याज' हा शब्दच नाही, म्हणून आमचा भाऊ समजतो की शेठ देवमाणूस आहे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते ह्यालाच म्हणतात. ऊसवाल्या, कांदेवाल्या, भाजीवाल्या शेतकऱ्यांनीही आपापली उचल आणि आपापला आडत्या आठवून हाच हिशेब घरी करून पाहावा.

कोणी म्हणेल, यंत्र स्वतःच्या मालकीचे असले म्हणजे झाले. तसे नाही. इचलकरंजीचे उदाहरण घ्या. तेथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे त्या गावाचे मोठे वस्त्रनगर झाले. हातमागवाला यंत्रमागवाला झाला, ही मोठीच गोष्ट. परंतु तेथे 'खर्चीवाला' नावाचा एक वर्ग आहे. माग त्याचा, जागा त्याची, विजेचे बिल त्याचे. सूत मात्र व्यापाऱ्याचे आणि कापडही व्यापाऱ्याचे. ह्याला मिळते ती विणण्याची मजुरी. बाजार तेजीत असो की मंदीत, भाव ठरविण्यात त्याचा हात नाही. लोखंड त्याच्या नावावर आहे, धंदा दुसऱ्याच्या नावावर. म्हणून आम्ही म्हणतो, यंत्राकडे पाहू नका, चोपडीकडे पाहा.

आणि जेथे यंत्र केवळ भांडवलवाल्याच्या हाती जाते, तेथे ते धंद्याचे मूळच खाऊन टाकते. पर्ससीनचे जाळे थवाच्या थवा एका वेढ्यात घेते. बारीक आसाचे ट्रॉलरचे जाळे तळ खरवडून पिल्लेसुद्धा ओढते. आपल्या राज्यात १९८१ साली सागरी मासेमारीचा कायदा झाला, २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आले, २०१७ साली केंद्र सरकारने दिव्याच्या झगमगाटात मासळी गोळा करण्याच्या रीतीला बंदी केली. कायदे झाले, परंतु रात्रीच्या समुद्रात कायदा पोहत जात नाही. डोल जाळे लावणारा गरीब कोळी बोंबिलाची वाट पाहत बसतो. आणि हेही स्पष्ट बोलले पाहिजे की ह्या मोठ्या बोटींच्या मालकांत सगळेच परके नाहीत. पैसा हाती आला की आपल्यातलाच एखादा नाखवा शेठजी होतो आणि शेठजीसारखाच वागतो. शेठजी ही जात नव्हे, ती रीत आहे. ती कोणाच्याही घरी शिरते.

आता दक्षिणेकडे केरळात काय झाले ते पाहा. १९५३ साली तेथे नॉर्वे देशाच्या मदतीने मासेमारीची योजना सुरू झाली. गरीब मच्छीमारांना चांगल्या होड्या द्याव्या हा हेतू. पुढे गोठविलेली कोळंबी परदेशी जाऊ लागली, तिला मोठा पैसा येऊ लागला, तो पाहून बाहेरचे भांडवल समुद्रात उतरले आणि ट्रॉलरांनी लहान मच्छीमारांची जाळी तोडली. किनाऱ्यावर मोठे झगडे झाले. १९८८ साली तेथे पावसाळ्यात ट्रॉलरना बंदी करावी लागली. परंतु त्या लहान मच्छीमारांनी केवळ मोर्चे काढले नाहीत. त्यांनी गावोगाव सोसायट्या केल्या आणि १९८० साली त्यांचा दक्षिण भारतीय महासंघ, ज्याला 'सिफ्स' म्हणतात, तो स्थापन झाला. त्यांचा नियम साधा. सभासदाची मासळी किनाऱ्यावर उतरली की तिचा लिलाव सोसायटी करील, दलाल नव्हे. विक्रीतून थोडा भाग कर्जाच्या हप्त्याला आणि थोडा बचतीला तेथल्या तेथे कापला जाईल. मासळी मिळाली तर हप्ता, नाही मिळाली तर नाही. मग त्यांनी लहान होडीला बाहेरून बसणारी इंजिने स्वतः मागविली आणि ती दुरुस्त करण्याचे कारखानेही स्वतः काढले. पाहा, भांडवल, विद्या आणि बाजार तिन्ही सूत्रे एका दोरखंडात वळली!

ह्याच केरळातली दुसरी गोष्ट खिशातल्या फोनची आहे. १९९७ पासून तेथल्या किनाऱ्यावर मोबाइल फोन येऊ लागले. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थशास्त्र्याने त्याचा अभ्यास करून २००७ साली प्रसिद्ध केला. तो सांगतो, १४ जानेवारी १९९७ रोजी बडगरा गावी ११ मच्छीमार गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून देण्याच्या बेतात होते, आणि त्याच वेळी १५ किलोमीटरांच्या आतील बाजारांतून २७ गिऱ्हाइके मासळी नाही म्हणून परत निघाली होती. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती! पुढे मच्छीमार समुद्रातूनच फोन करून भाव विचारू लागले. शेकडा ५ ते ८ मासळी वाया जाई, ती नासाडी जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी शेकडा ८ वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी शेकडा ४ स्वस्त मिळाली. दोघांचेही भले झाले. फोन काही जादूचा नव्हता. त्याने बाजाराची खबर मच्छीमाराच्या हाती दिली, एवढेच. पण दलालाकडून उचल घेतलेल्याला ह्या खबरेचा उपयोग किती? दुसऱ्या बंदरावर भाव जास्त आहे हे कळूनही त्याला मासळी बांधल्या दारीच टाकावी लागते. फोन हातात आणि हात बांधलेले!

आता आमच्या कोळीवाड्याच्या नावाची गोष्ट ऐका. १९४७ च्या फाळणीत घरदार गमावून आलेल्या पंजाबी मंडळींना येथल्या बराकींत जागा मिळाली. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेले लोक. त्यांनी काय केले? त्यांनी येथली कोळंबी आणि मासळी घेतली, आपल्याकडचे बेसन आणि ओवा घेतला, लाल तिखट आणि लसूण लावले, कढईत तळले, आणि खानावळींत विकू लागले. आपण कोळी लोक मासळीला हळद, मीठ आणि घरचा मसाला लावून तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परततो. त्यांची रीत निराळी झाली. त्या पदार्थाला 'कोळीवाडा' असे नाव पडले आणि आज देशभरच्या, किंबहुना परदेशच्याही खानावळींत 'कोळंबी कोळीवाडा' मिळते.

ह्यात पंजाबी बंधूंना दोष देण्यासारखे काही नाही. उलट ह्या विषयाचा उत्तम धडा त्यांनीच घालून दिला आहे. जे हाती होते त्यात नव्या जागेचे मिसळून, गिऱ्हाइकाची जीभ ओळखून त्यांनी धंदा उभा केला. पुढे रेल्वे स्टेशनाचे 'कोळीवाडा' हे नाव बदलून गुरु तेगबहादूर नगर झाले. दुसऱ्यांच्या धर्मासाठी मस्तक देणाऱ्या त्या गुरूंच्या नावाबद्दल आम्हांला आदरच आहे. आमचा सवाल आमच्याच लोकांना आहे. आमच्या गावाचे नाव लाखो ताटांवर गेले, पण आमच्या किती घरांनी तव्यावरची आपली मासळी दुकानात आणून विकली? नाव हेही भांडवल असते, ही गोष्ट आम्ही ध्यानात घेतली नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांपुरता भौगोलिक नावाचा हक्क मिळाला. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलान शहरी तशाच घाटाच्या चपला दाखविल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. आमच्या चांभार बंधूंच्या बाजूने ओरड झाली तेव्हा कंपनीला मूळ कारागिरी कोठली हे कबूल करावे लागले. हक्काचा कागद आणि ओरडणारा समाज, दोन्ही असतील तर नाव वाचते.

आता मायबहिणींशी दोन शब्द. कोळ्यांच्या घरी समुद्र पुरुषाचा आणि बाजार बाईचा. पैशाची पिशवी तुमच्या कमरेला. म्हणून बाजारात जे नवे येते ते आधी तुमच्यावर येऊन आदळते. २०१५ च्या सुमारास फोनवरून मागणी घेऊन घरपोच मासळी देणाऱ्या मोठ्या कंपन्या निघाल्या. त्यांनी काय नवे केले? मासळी साफ करून, तुकडे करून, वजन करून, थंड पेटीत घालून दारी पोचविली आणि भाव आधीच सांगितला. ह्यात असे काय आहे की जे तुम्हांला येत नाही? साफ करणे, कापणे तुमच्या हातचे. कल्ला लाल आहे की नाही, डोळा स्वच्छ आहे की नाही, हे तुम्हांला अंधारात बोटाने कळते. कंपनीच्या पोऱ्याला ते उजेडातही कळत नाही. कोणत्या महिन्यात कोणती मासळी खावी, सुकट कशी करावी, कालवणाला कोणता तुकडा, हे सांगणारी विद्या कोणत्याही पेटीत मिळत नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत पुष्कळ कोळणींनी फोनवर मागणी घेऊन सोसायट्यांच्या फाटकापर्यंत मासळी पोचविली. आज पाटीशेजारी पैसे घेण्याचा चौकटीचा कागद लावलेला सर्वत्र दिसतो. तेव्हा अक्कल तुमच्याजवळ आहे. नाही ती थंड पेटी, हक्काची जागा आणि एकजूट. एकेकटीने बर्फाचे कोठार घेता येणार नाही. पन्नास जणींनी मिळून घेता येईल. आणि बाजाराचा परवाना व बँकेचे खाते बाईच्या स्वतःच्या नावाने असले पाहिजे. पिशवी कमरेला आणि खाते नवऱ्याच्या नावाने, ही अर्धी मालकी झाली.

ही एकजूट नवी नाही. देशातील मच्छीमारांची पहिली सहकारी संस्था आपल्याच रत्नागिरीजवळ कर्ला येथे १९१३ साली निघाली. सातपाटीच्या मच्छीमारांनी सहकारी संस्थांतून बर्फ, डिझेल आणि पापलेटाची विक्री आपल्या हाती घेतली. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्र्याची विद्या जोडीला घेतली आणि १९५० साली सहकारी साखर कारखाना चालू केला. उसाचे एवढे मोठे यंत्र शेतकऱ्याच्या मालकीचे होऊ शकते, हे तेव्हा कोणाला खरे वाटत नव्हते.

परंतु सोसायटी म्हणजे देवाचा अंगारा नव्हे. पुष्कळ सोसायट्यांत पुढे चार घराण्यांनी खुर्च्या अडविल्या, होड्यांची कर्जे थकली, सभासद अंगठा उठविण्यापुरता राहिला. दलालाची चोपडी काढून चेअरमनची चोपडी आणली, तर बैलाला त्यात काय? म्हणून आमचा आग्रह चोपडी वाचण्याचा आहे. सत्यशोधकांनी मुलामुलींना अक्षरे शिकवा असा जो हट्ट धरला तो केवळ नोकरीसाठी नव्हता. चोपडीत काय लिहिले ते वाचता यावे, म्हणून होता.

तेव्हा येथून उठताना पाच गोष्टी घेऊन जा.

पहिली: आपल्या उचलीचा आणि भावातल्या फरकाचा हिशेब एका वहीत एक हंगामभर लिहा. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहवा. हंगामाच्या शेवटी व्याजाचा खरा दर किती तो काढा.

दुसरी: नवे यंत्र घेण्याआधी ते दुरुस्त करणारा आपल्यात तयार करा. वाड्यातल्या दोन मुलांना इंजिनाचे आणि दोघांना शीतपेटीचे काम औद्योगिक शाळेत शिकायला पाठवा. दुरुस्ती परक्याच्या हाती, तर यंत्र परक्याचे.

तिसरी: बर्फ, डिझेल, पेटी, टेम्पो ह्यांपैकी एका गोष्टीपासून मिळून खरेदी सुरू करा. पहिल्याच दिवशी कारखाना काढू नका. एक गोष्ट, दहा घरे, आणि दर महिन्याला जमाखर्च सर्वांपुढे मोठ्याने वाचणे.

चौथी: कोळीवाड्याच्या जागेचे सीमांकन, मासळी सुकविण्याची आणि विकण्याची जागा ह्यांचे कागद गोळा करा. धंदा बदलता येतो, पण त्याला पाय टेकायला जमीन लागते. ज्याची जागा गेली त्याला कोणतेही यंत्र कामाचे नाही.

पाचवी: मासळीची पिल्ले सोडून द्या. २०२३ साली आपल्या राज्याने पापलेटाला राज्यमासा केले आणि किती लांबीपेक्षा लहान मासळी धरू नये ह्याचे नियम लावले. हा नियम सरकारचा म्हणून पाळू नका, नातवंडांचा म्हणून पाळा. आणि जो मोठा मालक तो मोडील, मग तो आपल्या जातीचा असो की आपल्या सोयऱ्यांतला, त्याला भर सभेत विचारा.

बंधुभगिनींनो, पुढेही यंत्रे येतील. आज जी ठाऊक नाहीत तीही येतील. त्यांना भिऊ नका आणि त्यांच्या पायाही पडू नका. दारात आलेल्या प्रत्येक यंत्राला ते तीन प्रश्न विचारा: पैसा कोणाचा, विद्या कोणाची, भाव कोणाचा? तिन्ही उत्तरे 'आमचा' अशी मिळवायला एक हंगाम पुरणार नाही. पण वही आज रात्रीच सुरू करता येईल. पेन्सिल आणि शाळेत जाणारी मुलगी प्रत्येक घरी आहे. दलालाच्या चोपडीपुढे आपली चोपडी ठेवायला सध्या एवढे भांडवल पुरे.

सत्यमेव जयते!